शिंगराचे पोट सुटले म्हणून खुराक तोडताय? मिनिएचर घोड्यांबाबत हे आधी वाचा

अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमानुसार या घोड्याची उंची ३४ इंचांपर्यंतच असते. एवढ्याशा शिंगराचे पोट लोंबू लागले की मालक लगेच खुराक तोडतात. घोटाळा तिथेच होतो. पोट नव्हे, बरगड्या तपासा. दाट केसांत नजर फसते, म्हणून हाताने चाचपा. बरगड्या हाताला टोचत असतील तर ती चरबी नाही. निकस, काडीच जास्त असलेले गवत आतड्यात साचते आणि प्रथिनांअभावी अंग भरत नाही. किंवा पोटात जंत असतात. लीद तपासून घ्या. कोवळे, पानाळ गवत हळूहळू सुरू करा. उपाशी मात्र ठेवू नका. उपासमारीत या घोड्यांच्या रक्तात चरबी झपाट्याने वाढते, यकृत निकामी होऊन जीवही जाऊ शकतो. शिंगराने खाणे सोडले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.