'कल' म्हणजे काल की उद्या?

मराठी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांच्या वहीत एक वाक्य कधी ना कधी सापडतं: 'काल आम्ही मामूंकडे जाणार आहोत.' वर्गात हशा पिकतो, बाई लाल रेघ मारतात आणि घरी अम्मी-अब्बूंना वाटू लागतं की मुलांशी दखनी बोलणं बंदच करावं.

वाक्य चुकलंय खरं, पण मुलाचा हिशोब पक्का आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या मोहल्ल्यांत 'कल आया था' आणि 'कल आयेंगा' दोन्ही चालतं. दिवस गेलेला की येणारा, हे क्रियापद सांगतं. मराठीने 'काल' आणि 'उद्या' वेगळे केले. पण 'कल' आणि 'काल' ही सख्खी भावंडं आहेत. दोन्ही संस्कृत 'कल्य', म्हणजे पहाट, या शब्दातून आली. शिवाय मराठीने ही वाटणी पुरती केलीच नाही. 'परवा आला', 'परवा येईल', तेरवाचंही तेच. त्यावर मात्र कुणी हसत नाही!

चिनी भाषेची तऱ्हा बरोबर उलटी. तिथे गेलो, जातो, जाईन या तिन्हींना क्रियापद एकच, 'छ्यू'. काळाप्रमाणे ते बदलत नाही. सगळा भार 'त्सुओथ्येन' (काल) आणि 'मिंगथ्येन' (उद्या) अशा शब्दांवर. काम पुरं झालं हे दाखवायला 'ल' जोडतात, पण तो भूतकाळाचा प्रत्यय नव्हे. म्हणूनच परवाला तिथे दोन शब्द आहेत. गेलेला परवा 'छ्येनथ्येन', शब्दशः समोरचा दिवस. येणारा 'होउथ्येन', पाठीमागचा दिवस. आपल्याला हे विचित्र वाटेल. पण 'पूर्वी', 'पूर्वज' या शब्दांतल्या 'पूर्व'चाही एक अर्थ समोरचा असाच आहे. महिने तर तिथे वरखाली असतात: गेलेला महिना वरचा, येणारा खालचा.

म्हणजे काळ सांगायचं काम प्रत्येक भाषा करतेच; कुणी ते क्रियापदावर टाकते, कुणी दिवसाच्या नावावर. दखनी बोलणारं मूल अडाणी नसतं, ते एका पद्धतीतून दुसरीत जात असतं. रेघ मारण्याआधी हे दोन मिनिटांत समजावता येतं.

आपल्या घरात आणखी एक गुंता असतो. इस्लामी तारीख मगरिबला बदलते. त्यामुळे जुम्याची रात्र गुरुवारी संध्याकाळीच सुरू होते आणि तिचंच नाव, जुमेरात, अख्ख्या गुरुवाराला मिळालं. रमजानमध्ये मुलं विचारतात, सत्ताविसावा रोजा उद्या, मग सत्ताविसावी रात्र आज कशी? प्रश्न रास्त आहे. रात्र आधी, दिवस नंतर, एवढंच सांगावं.

दवाखान्याची वेळ किंवा निकाहचा निरोप असेल, तर नुसतं 'परसों' किंवा 'परवा' न म्हणता वारही सांगावा. आणि 'जुमेरात की रात' म्हणालात, तर मगरिबनंतरची कोणती रात्र, तेही विचारून घ्यावं.