डबा काढला, आवाज वाढला

नाशिकचे एक वाचक विचारतात: ‘मुलगा टेक्सासमध्ये असतो. त्याने पिकअप ट्रकला चारशे डॉलर खर्चून कोल्ड एअर इनटेक बसवलं. ताकद वाढली, ॲव्हरेजही वाढलं म्हणतो. आता इथे पुतण्या थार एसयूव्हीला तेच बसवायच्या मागे लागलाय. थंड हवेने इंजिनाची ताकद खरंच वाढते का?’

वाढते. त्यात वाद नाही. वाद असलाच तर एवढाच, की ती थंड हवा आधी येत नव्हती का?

इंजिन पेट्रोल किती पितं हे आपल्याला पाठ असतं, कारण त्याचे पैसे मोजावे लागतात. हवा फुकट, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे ११ किलो हवा लागते, म्हणजे नऊ हजार लिटरच्या वर. अमेरिकी पिकअपमधलं पाच लिटरचं व्ही-एट इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर त्या मिनिटात ते पंधरा हजार लिटर हवा ओढतं. पेट्रोल आत ढकलायला पंप असतो. हवा मात्र पिस्टनला स्वतः ओढून घ्यावी लागते, त्यामुळे टंचाई पडते ती हवेची. बॉनेटखालची ६० अंश सेल्सिअसची हवा आणि बाहेरची ३० अंशांची हवा यांच्या घनतेत साधारण दहा टक्क्यांचा फरक असतो. चारशे अश्वशक्तीच्या इंजिनात दहा टक्के म्हणजे चाळीस! अशा इनटेकच्या किटचा बाजार उभा आहे तो याच आकड्यावर.

एकेकाळी या आकड्यात तथ्यही होतं. १९६४ साली फोर्डने ड्रॅग रेसिंगसाठी ‘थंडरबोल्ट’ नावाच्या शंभरच्या आसपास गाड्या बनवल्या. मध्यम आकाराच्या फेअरलेनमध्ये सात लिटरचं दांडगं इंजिन कोंबलं होतं. फेअरलेनला पुढे चार दिवे असत. थंडरबोल्टमध्ये आतले दोन दिवे काढून त्या भोकांवर जाळी ठोकली आणि तिथून जाड नळ्या थेट कार्बुरेटरपर्यंत नेल्या. बाहेरच्या गार हवेसाठी दिव्यांचा बळी! मला ही गाडी तिच्या वेगापेक्षा या बेधडक तर्कासाठी आवडते. त्या काळी साध्या गाडीचा एअर क्लीनर इंजिनाच्या डोक्यावर पातेल्यासारखा बसलेला असे आणि बॉनेटखालची तापलेली हवाच ओढत असे. पुढे सत्तरच्या दशकात, थंड इंजिन सुरू होताना धूर कमी व्हावा म्हणून, एक्झॉस्टजवळची गरम हवा मुद्दाम आत घेणारी झडपही आली. त्या गाड्यांना बाहेरच्या हवेची नळी जोडली की फरक कळायचा.

मग फ्युएल इंजेक्शन आलं, फिल्टरचा डबा इंजिनाच्या डोक्यावरून बाजूला सरकला आणि त्याचं तोंड मडगार्डच्या पोकळीत किंवा पुढच्या जाळीमागे गेलं. आज कुठल्याही नव्या एसयूव्हीचं बॉनेट उघडा आणि फिल्टरच्या डब्यातून निघालेली नळी कुठे जाते ते बघा. ती बहुतेक वेळा बाहेरच्या हवेकडेच जाते. म्हणजे कोल्ड एअर इनटेक कंपनीनेच दिलेलं आहे, फक्त काळ्या प्लास्टिकचं आणि जाहिरातीशिवाय. उलट बाजारातल्या कित्येक किटमध्ये शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बॉनेटखालीच बसतो, त्याच्या बाजूला पत्र्याचा एक आडोसा. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत तो कुठली हवा ओढत असेल, हे सांगायला नको.

कंपनीच्या इनटेकमध्ये सुधारायला मुळात किती जागा उरते? समजा, पूर्ण वेगात मूळ फिल्टर आणि नळ्या मिळून तीन किलोपास्कलचा अडथळा करतात. तो शून्यावर आणला (जे अशक्य आहे) तरी फायदा तीन टक्के. बाहेर ३५ अंश आणि डब्यात ४२ अंश धरले, तर घनतेतला फरक दोन टक्क्यांच्या थोडा वर. ‘गाडी धावते तेव्हा हवा आपोआप आत दाबली जाते’ असंही सांगतात. ताशी १०० किलोमीटर वेगाला त्या दाबाने मिळणारी वाढ वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. धातूची नळी तापते म्हणून ती वाईट, असं सांगणारे टीकाकारही हिशेब करत नाहीत. पूर्ण वेगात हवा त्या नळीतून सेकंदाला चाळीसेक मीटरने जाते. अर्धा-पाऊण मीटरच्या नळीत ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त वेळ थांबत नाही, तेवढ्यात तापणार किती?

एक गोष्ट मात्र किटच्या बाजूने बोलायला हवी. आत येणारी हवा फार तापली की इंजिनात नॉकिंग (मिश्रण ठिणगीशिवाय आपोआप पेटणं) सुरू होऊ शकतं आणि ते टाळायला इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो, त्यात ताकद जाते. भर उन्हाळ्यात, मागे ट्रेलर लावून चढ चढणाऱ्या पिकअपला म्हणूनच गार हवेचा फायदा घनतेच्या हिशेबापेक्षा थोडा अधिक होतो.

ॲव्हरेजचं म्हणाल, तर तो दावा सोडूनच द्या. पेट्रोल इंजिनात तुम्ही ॲक्सिलरेटर अर्धवट दाबता, तेव्हा थ्रॉटलची झडप हवेची वाट मुद्दाम अडवून धरलेली असते. नळ अर्धा बंद ठेवून टाकीपासूनचा पाइप रुंद केल्याने बादली लवकर भरत नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली फिल्टर मुद्दाम तुंबवून गाड्या तपासल्या. इंजेक्शनवाल्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये दखल घ्यावी असा फरक पडला नाही. पूर्ण जोर लावून वेग घेताना मात्र त्या मंदावल्या. डिझेल एसयूव्हीत तर हवा गरजेपेक्षा जास्तच असते आणि ताकद ठरते ती किती डिझेल फवारलं यावर. नुसती हवा वाढवून तिथे काय मिळणार? टर्बोच्या इंजिनात हवा दाबताना आधी तापते आणि मग इंटरकूलरमध्ये गार होते, त्यामुळे फिल्टरजवळचे पाच-सात अंश वाटेतच हरवतात.

मग किट विकणारे दाखवतात ते डायनोचे, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, आलेख? गाडी रोलरवर उभी, बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा. रस्त्यावर अशी गाडी कोण चालवतं? शिवाय मोजलेला आकडा प्रमाण हवामानात बदलून छापतात. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे१३४९ हे प्रमाण त्यासाठी २५ अंश तापमान धरतं. त्या सूत्रात तापमानाचा परिणाम सरळ न येता वर्गमुळाने येतो, कारण आत शिरलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचताना गरम भिंतींमुळे पुन्हा तापतेच. म्हणजे घनतेत दहा टक्के वाढ झाली तरी ताकदीत पाचच टक्क्यांच्या आसपास उतरते. वरच्या चाळीसातले वीस तर इथेच गेले.

वाढीचं आणखी एक कारण असतं, जे विकणारा सहसा सांगत नाही. किती हवा आत गेली हे मोजायला नळीत एक तापवलेली बारीक तार किंवा पट्टी असते. वाऱ्याने ती किती गार होते, यावरून प्रवाह कळतो. यामागचं गणित १९१४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात लुई किंगने मांडलं. त्या तारेजवळची नळी रुंद केली की तेवढीच हवा हळू वाहते, संगणकाला ती कमी वाटते आणि तो पेट्रोलही कमी सोडतो. पूर्ण वेगात इंजिन फार तापू नये म्हणून कंपनीने पेट्रोलाचं प्रमाण मुद्दाम जास्त ठेवलेलं असतं. ते कमी झालं की डायनोवर काही अश्वशक्ती वाढलेली दिसते. श्रेय जातं थंड हवेला, फायदा होतो चुकलेल्या मोजमापाचा, आणि राखून ठेवलेली सुरक्षितता मात्र खर्च होते. चांगले उत्पादक नळीचं हे माप मूळचंच ठेवतात, हेही सांगायला हवं.

तरीही टेक्सासमधला मुलगा खोटं बोलत नाही. त्याला गाडी जोरदार वाटते, कारण ती जोरदार वाजते. इथे मला माझ्या आवडत्या माणसाकडे वळायचंय.

मूळ इनटेकच्या नळीला बाजूला एक बंद डबा लटकलेला असतो. त्याच्यातून हवा कुठेच जात नाही. हौशी मंडळी बॉनेट उघडतात, ‘हे काय कंपनीने उगाच लावलंय’ म्हणतात आणि किट बसवताना तो काढून टाकतात. तो डबा हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झचा आहे.

हेल्महोल्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ सुरुवातीला पॉट्सडॅमला सैन्यात डॉक्टर होता. १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर त्याने निबंध लिहिला, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. पुढे त्याने बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं आणि डोळ्याच्या आत बघायचं उपकरण बनवलं. नेत्रतज्ज्ञ आज जे यंत्र आपल्या डोळ्यावर रोखतात, त्याचा पूर्वज तोच. मग त्याला प्रश्न पडला, की एका सुरात दडलेले बारीक सूर कान वेगळे कसे करतो? त्यासाठी त्याने पोकळ गोळे वापरले. एका बाजूला तोंड, दुसऱ्या बाजूला कानात बसणारं टोक. कानात घट्ट बसावं म्हणून त्या टोकावर तो लाख लावत असे. प्रत्येक गोळा एकाच कंपनसंख्येला दाद देतो. आसपास कितीही गोंगाट असो, त्याचा सूर आला की गोळा कानात घुमतो, एरवी गप्प. पॅरिसच्या रुडॉल्फ कोनिगने हे गोळे पितळेचे करून विकले. १८६३ साली हेल्महोल्ट्झचा स्वरसंवेदनांवरचा ग्रंथ आला. आपल्या सी. व्ही. रामन यांनी आयुष्य घडवणाऱ्या तीन पुस्तकांत त्याची गणना केली होती. १९२० साली ‘नेचर’मध्ये त्यांनी तबल्यासारख्या आपल्याकडच्या तालवाद्यांवर लिहिलं. चामड्यावरच्या शाईमुळे या वाद्यांतून तंतुवाद्यासारखे सुसंवादी स्वर कसे निघतात, याची ती उकल होती. त्या लेखामागे याच ग्रंथाचं ऋण आहे. रामन यांचं नाव निघालं की आपण प्रकाशापाशीच थांबतो, तबल्यापर्यंत जातच नाही.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो ‘भूंऽ’ येतो, तो याच तत्त्वाचा. पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी आणि मानेतली हवा वजनासारखी वागते. इंजिनाच्या नळीला असा गोळा आडवा जोडला, तर तो आपल्या सुराचा आवाज गिळतो. व्ही-एट इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर सेकंदाला शंभर वेळा पेटतं. शंभर हर्ट्झची ती घरघर दाबायला चार सेंटीमीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर लांब मान असेल, तर चार लिटरहून थोडा लहान डबा पुरतो. इंजिनाचा सूर ऐकून कोणीतरी तो डबा मापून बनवलेला असतो. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत नवी गाडी तपासतात तेव्हा धुराबरोबर तिचा आवाजही मोजतात, आणि त्या मापात अशा डब्यांचा वाटा असतो. डबा काढला की घरघर मोकळी होते, आणि आपला मेंदू मोठ्या आवाजाचा अर्थ जास्त ताकद असा लावतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. बीएमडब्ल्यूने एका एम-५ मॉडेलमध्ये इंजिनाचा आवाज चक्क स्पीकरवरून ऐकवला होता! आवाजाचीच हौस असेल तर जरूर भागवावी, पण पावतीवर अश्वशक्ती लिहू नये. हौसेलाही हद्द आहे. कॅलिफोर्नियात अशा सुट्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लगाम घालतं.

आपल्या रस्त्यांवर मला त्याहून जास्त काळजी धुळीची वाटते. क्वार्ट्झचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढतात. फिल्टर तपासायला जगभर प्रमाणित धूळ वापरतात, तिचं मूळ ॲरिझोनाच्या मातीत. (धुळीचंही प्रमाणपत्र असतं!) कागदी फिल्टरची गंमत अशी, की थोडी धूळ बसल्यावर तो आणखी बारीक गाळतो. दर सर्व्हिसिंगला त्याला ब्लोअरने जोरात हवा मारणारा मेकॅनिक हा थर तर उडवतोच, कधी कागदही फाडतो. तेल लावलेले सुती फिल्टर हवा मोकळी जाऊ देतात, पण सहसा थोडी जास्त धूळही सोडतात. तेल जास्त झालं तर ते त्या तापलेल्या तारेवर जाऊन बसतं.

आणि पुतण्याच्या थारसाठी, पाणी. हवा आणखी गार मिळावी म्हणून काही किट फिल्टर खाली, चाकाजवळ नेतात. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. घोटभर पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या २६ जुलै २००५ ची गरज नाही, एखादा तुंबलेला सबवे पुरतो. महिंद्रा कंपनी थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येईल असं सांगते. अशी मर्यादा ठरवताना हवेचं तोंड किती उंचीवर आहे हे आधी बघावं लागतं. ते तोंड खाली आणल्यावर ६५० चा आकडा त्या गाडीला लागू राहत नाही, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर बॉनेट उघडल्यावर पहिल्यांदा तेच बघेल.