एक कंपनी, दोन ज्येष्ठता याद्या

एअर इंडियाच्या वैमानिकांनी जेमतेम चौदा महिन्यांच्या अवधीत दोन मोठे संप केले. एप्रिल २०११च्या अखेरीस सुरू झालेला पहिला संप 'इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन'चा होता. तो दहा दिवस चालला. मे २०१२मधील दुसरा 'इंडियन पायलट्स गिल्ड'चा. तो ५८ दिवस लांबला आणि दिल्ली उच्च न्यायालयासमोर मिटला. दोन्ही वेळी व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढून घेतली, काही वैमानिकांना बडतर्फ केले आणि प्रवाशांचे अतोनात हाल झाले. त्यामुळे सार्वजनिक उद्योगांतील बेशिस्तीचे दाखले म्हणून या दोन्ही घटना आजही एका दमात सांगितल्या जातात. वास्तविक त्या परस्परविरोधी होत्या. असोसिएशनचे सभासद पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे. एअर इंडियाच्या वैमानिकांइतकेच वेतन आम्हालाही द्या, ही त्यांची मागणी होती. गिल्डचे सभासद मूळच्या एअर इंडियाचे. नव्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना देऊ नका, हे त्यांचे म्हणणे होते. एकाचे समाधान करावे तर दुसरा दुखावणार, अशी ही रचना होती आणि ती संघटनांनी नव्हे, २००७च्या विलीनीकरणाने निर्माण केली होती.

या दोन कंपन्यांची जन्मतारीख एकच. १९५३च्या हवाई महामंडळ कायद्याने आठ खासगी कंपन्यांची देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशी सेवा एअर इंडियाकडे सोपवली. त्यानंतरची चोपन्न वर्षे दोघींनी स्वतंत्र संसार केले. एकीचे मुख्यालय नरिमन पॉइंटला, दुसरीचे दिल्लीत. एकीचा ओढा बोइंगकडे, दुसरीचा एअरबसकडे. वेतनाची सूत्रे, भत्ते, पदोन्नतीच्या पायऱ्या, सारेच निराळे. २००७मध्ये कागदोपत्री एक कंपनी झाली, तरी 'आयसी' हा इंडियन एअरलाइन्सचा उड्डाण-संकेत २०११पर्यंत चालूच राहिला. उड्डाण-संकेत बदलायला चार वर्षे लागावीत, तिथे तीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती आपोआप जुळतील, असे विलीनीकरणाच्या टिपण्या लिहिणाऱ्यांना का वाटले असावे? प्रशासनातील दीर्घ अनुभवावरून इतके सांगता येते की, अशा प्रस्तावांत बचतीचे आकडे पहिल्या पानावर असतात आणि 'कर्मचारी एकत्रीकरण यथावकाश करण्यात येईल' हे वाक्य शेवटच्या परिच्छेदात.

हे 'यथावकाश' वैमानिकाच्या आयुष्यात किती खोल जाते, हे विमानसेवेबाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. सहवैमानिकाला डाव्या आसनावर, म्हणजे कमांडरच्या जागी, कधी बसायला मिळेल, मोठे विमान कधी मिळेल आणि त्या अनुषंगाने वेतन किती वाढेल, हे त्याच्या गुणवत्तेइतकेच ज्येष्ठता यादीतील क्रमांकावर ठरते. दोन याद्या एकत्र करताना रुजू होण्याची तारीख धरावी, कमांडर झाल्याची तारीख धरावी, की दोन्ही गटांना प्रमाणानुसार एकाआड एक बसवावे? प्रत्येक सूत्र एका गटाला न्याय्य आणि दुसऱ्याला जुलमी वाटते. इंडियन एअरलाइन्समध्ये कमांडरपद तुलनेने लवकर मिळत असे. त्यामुळे तारखांचा हिशेब केला तर आपले सहवैमानिक कायमचे मागे राहतील, अशी गिल्डची भीती होती. ड्रीमलायनरची मागणी मूळ एअर इंडियाने विलीनीकरणापूर्वीच नोंदवली होती, तेव्हा त्या विमानांवर पहिला हक्क आमचा, हा युक्तिवाद त्याच भीतीतून आला. पहिल्या संपानंतर सरकारने न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली आणि तिने जानेवारी २०१२मध्ये अहवाल दिला. विलीनीकरण २००७चे, अहवाल २०१२चा. मधल्या पाच वर्षांत दोन्ही संघटना एकाच मालकाशी वाटाघाटी करत होत्या आणि दोघींनाही आपल्याच जुन्या कंपनीची बाजू लढवण्यावाचून पर्याय नव्हता.

मग एकच संघटना का निवडू नये? गुप्त मतदान घ्यावे, बहुमत मिळवणारीशी बोलावे, असे सुचवणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत तसेच होते. विलीनीकरणानंतर 'नॅशनल मीडिएशन बोर्ड' आधी नवी कंपनी ही एकच वाहतूक व्यवस्था आहे का हे ठरवते आणि गरज पडल्यास मतदान घेते. पण तिथला अनुभव मुळीच सरळ नाही. २००५मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. २००७मध्ये लवादाने ज्येष्ठतेचा निवाडा दिला, तो यूएस एअरवेजच्या वैमानिकांना मानवला नाही. त्यांची संख्या मोठी होती. त्यांनी नवी संघटना उभारली आणि २००८च्या मतदानात जुन्या संघटनेला हरवले. प्रतिनिधी कोण हा प्रश्न सुटला. ज्येष्ठतेचा वाद मात्र पुढे कित्येक वर्षे न्यायालयांत फिरत राहिला. त्याआधीचे उदाहरण तर अधिक क्रूर आहे. २००१मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली, तेव्हा अमेरिकनच्या केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटनेने टीडब्ल्यूएच्या कर्मचाऱ्यांना यादीच्या तळाशी ठेवले. वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या बायका नव्याने लागलेल्या मुलींच्या खाली गेल्या आणि कपात आली तेव्हा दोन वर्षांत साऱ्याच घरी बसल्या. मतदान करून हा अन्याय टळला नसता, कारण मते अमेरिकनकडेच जास्त होती. अखेर टीडब्ल्यूएच्या मिसुरी राज्यातील दोन सिनेटरांच्या पुढाकाराने २००७च्या अखेरीस कायदा झाला: विमान कंपन्या एकत्र येताना ज्येष्ठता याद्यांची जोडणी न्याय्य रीतीनेच व्हावी, आणि एकमत न झाल्यास ती लवादाकडे जावी.

भारतात प्रतिनिधित्वाचा कायदाच मुळी उशिरा आला. १९२६च्या कामगार संघटना कायद्यात मान्यतेची सक्ती नव्हती. १९५८ची शिस्तसंहिता ऐच्छिक होती. महाराष्ट्राने १९७१मध्ये तीस टक्के सभासदत्वाच्या अटीवर मान्यतेचा कायदा केला खरा, पण हवाई वाहतूक केंद्राच्या अखत्यारीतील असल्याने तो तिथे लागू होत नव्हता. मान्यता आणि अनुयायित्व यांत किती अंतर पडू शकते, हे मुंबईने १९८२च्या गिरणी संपात पाहिले आहे: कायद्याने प्रातिनिधिक असलेली संघटना एक होती आणि कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते. आता नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरेल. तसे नसल्यास वीस टक्क्यांवरील संघटनांची परिषद बसेल. स्थिर उद्योगात ही सुधारणा स्वागतार्ह आहे. नुकत्याच विलीन झालेल्या कंपनीत मात्र ५१ टक्क्यांचे मतदान म्हणजे कोणती जुनी कंपनी मोठी होती याची शिरगणतीच. ज्येष्ठतेचा प्रश्न आधी न सुटता असे मतदान झाले, तर धाकट्या गटाचे भवितव्य थोरल्या गटाच्या हाती सोपवल्यासारखे होईल.

हा प्रश्न आता सरकारी फायलींतला उरलेला नाही. जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. ऑक्टोबर २०२४मध्ये एआयएक्स कनेक्ट ही कंपनी एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये नव्या वेतनकरारावरून विस्ताराचे वैमानिक नाराज होऊन उड्डाणे विस्कळीत झाली होती. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. पंचवीस जणांची बडतर्फी आणि मग दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर समझोता. एप्रिल २०२३मध्ये नव्या वेतनश्रेणीला विरोध करताना गिल्ड आणि असोसिएशन या जुन्या प्रतिस्पर्धी संघटना एकत्र उभ्या राहिल्या होत्या, हेही नोंदवायला हवे. प्रश्न आपापसांतील क्रमांकाचा नसला की त्यांचे जमते.

विलीनीकरणाची योजना कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर मंजुरीसाठी जाते, तेव्हा तिच्यात कर्मचाऱ्यांची सेवा अखंड राहील आणि सेवाशर्ती पूर्वीपेक्षा कमी अनुकूल नसतील, असे एक ठरावीक कलम असते. दोन गटांनी एकमेकांच्या वर-खाली कसे बसायचे, याविषयी ते मौन बाळगते. ज्येष्ठता जोडणीची पद्धत आणि वाद झाल्यास नेमायचा लवाद या दोन्ही गोष्टी योजनेसोबतच दाखल करण्याचे बंधन घालणे अवघड नाही. संहितेखालील नियमांतही, ही जोडणी पूर्ण होईपर्यंत एकमेव संघटनेसाठी मतदान न घेता दोन्ही बाजूंची परिषदच वाटाघाटी करील, अशी तरतूद करता येईल.