कुरकुरणारं दार आणि तेलाची घाई

गाडीचं दार कुरकुरायला लागलं की आपला हात सरळ तेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल, शिलाई मशीनचं, उरलेलं इंजिन ऑइल, जे सापडेल ते बिजागरीवर ओततात. आवाज बंद होतो आणि ‘कुठलंही तेल चालतं’ हा समज पक्का होतो. पण पातळ तेल बिजागरीच्या पिनेवर टिकत नाही. ते ओघळतं, उरलेल्या तेलावर धूळ बसते आणि त्या चिकट काळ्या मळाने पीन उलट झिजते. खोबरेल तर थंडीत चक्क थिजतं.

डब्ल्यूडी-४० मारलं की काम झालं, हाही तसाच समज. १९५३ साली अमेरिकेत ते बनलं ते मुळात पाणी हटवून धातूला गंजापासून वाचवण्यासाठी. त्यातला बराच भाग उडून जातो, मागे राहतो तो तेलाचा पातळ थर. जाम झालेली बिजागरी सोडवायला, जुना मळ काढायला ते उत्तम. त्यानंतर ती फडक्याने पुसून पांढरं लिथियम ग्रीस लावायलाच हवं. दार आठ-दहा वेळा उघडमीट करा, म्हणजे ग्रीस आत मुरेल. बाहेर आलेलं पुसून टाका.

मात्र त्याआधी आवाज कुठून येतो ते शोधा. घाई इथेच नडते. दोन बिजागऱ्यांच्या मधोमध एक लोखंडी पट्टी दाराच्या आत गेलेली दिसेल. दार अर्धवट उघडं अडवून धरते ती हीच. ती कोरडी पडली की कण्हल्यासारखा किंवा ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि दोष बिचाऱ्या बिजागरीवर जातो. कुणाला तरी दार सावकाश हलवायला सांगा आणि बोटं फटीत न घालता बिजागरीच्या आणि पट्टीच्या बाहेरच्या बाजूला टेकवा. जिथे थरथर जाणवेल, तिथेच ग्रीस.

चालत्या गाडीत येणारी करकर वेगळी. बंद दाराची बिजागरी हलतच नाही. खड्ड्यांत गाडीचा सांगाडा किंचित पिळवटतो आणि दाराभोवतीचं रबरी बीडिंग रंगावर घासतं. तिथे ग्रीस किंवा खनिज तेल अजिबात लावू नका, रबर फुगून सैल पडतं. ओल्या फडक्याने धूळ पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉन स्प्रे कापडावर घेऊन हलकेच फिरवा.

‘जोरात आपटलं की नीट बसतं’ म्हणणाऱ्यांनी उघडं दार टोकाला धरून वर उचलून पाहावं. ते वर-खाली हललं तर पीन-बुश झिजलेत. तिथे कुठलंच ग्रीस कामाचं नाही, दुरुस्तीच करावी लागते. आपटण्याने झीज वाढते.

आपल्याकडे खरी कसोटी पावसाळ्याची, त्यातही कोकणच्या खाऱ्या हवेची. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि दार आतून गंजतं. प्लास्टिकच्या काडीने ती मोकळी करा. प्रेशरच्या पाण्याचा झोत थेट बिजागरीवर बसला तर ग्रीसही धुऊन जातं. म्हणून पावसाआधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, चारही दारांना आणि डिकीच्या बिजागऱ्यांना ग्रीस द्या.