सांस्कृतिक वारसा संस्थांची कार्यक्षमता आणि डिजिटल तंत्रज्ञान : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठी भाषेच्या इतिहासात बीड जिल्ह्याचे स्थान महत्त्वाचे आहे. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मध्ये ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळ दाखविली जाते. ‘गीतार्णवा’चे कर्ते दासोपंत (१५५१–१६१५) यांची कर्मभूमीही हेच नगर होय. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्यामुळे येथील जुनी दप्तरे मोडी, फारसी व उर्दू या तिन्ही प्रकारच्या लेखनात आढळतात. हा लिखित वारसा धार्मिक संस्थाने, शासकीय अभिलेख कक्ष आणि सार्वजनिक ग्रंथालये यांच्याकडे विभागलेला आहे. डिजिटल तंत्रज्ञानामुळे अशा संस्थांची कार्यक्षमता नेमकी कोठे वाढते व कोठे वाढत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यक्षमतेचा निकष

संस्थेची डिजिटल प्रगती बहुधा स्कॅन झालेल्या पृष्ठांच्या संख्येवर मोजली जाते. हा निकष अपुरा आहे. अभ्यासकाने किंवा नागरिकाने प्रश्न विचारल्यापासून त्याला विश्वसनीय उत्तर मिळेपर्यंत किती वेळ व श्रम लागतात, हीच वारसा संस्थेच्या कार्यक्षमतेची खरी कसोटी होय. या प्रवासाचे चार टप्पे पडतात : साधन जतन करणे, ते शोधता येणे, ते वाचता येणे आणि ते गरजूपर्यंत पोहोचणे. तंत्रज्ञानाचा परिणाम या चारही टप्प्यांवर सारखा होत नाही.

जतन : पासोडीचे उदाहरण

दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हे प्रकरण कापडावर लिहिले. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद असलेली ही पासोडी सोळाशेच्या आसपास ओव्यांची असून ती अंबाजोगाईचे भूषण मानली जाते. अशा वस्तूची अडचण उघड आहे. ती दाखविण्यासाठी उलगडावी लागते आणि प्रत्येक उलगडण्याबरोबर घड्या, प्रकाश व हाताळणी यांमुळे कापड व शाई यांचे आयुष्य घटते. म्हणजे संस्था वाचकांची जितकी सेवा करील तितकी मूळ वस्तूची झीज होईल. उत्तम प्रतीचे छायाचित्रण हा विरोध मिटवू शकते. एकदा काळजीपूर्वक चित्रण झाले की पाठाच्या अभ्यासकाला मूळ कापडाला हात लावण्याचे कारण सहसा उरत नाही.

मात्र चाळीस फुटांचे कापड एका चित्रात वाचनीय राहत नाही. ते भागाभागांनी, कडा एकमेकींवर येतील अशा रीतीने टिपावे लागते. शिवाय कोणत्या चित्रात कोणत्या ओव्या आहेत याची नोंद ठेवावी लागते. अशी नोंद नसेल तर चित्रसंच केवळ प्रेक्षणीय ठरतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित अभियानानेही ग्रंथनाम, कर्ता, लिपी, लेखनसाहित्य व पत्रसंख्या अशा नोंदींना महत्त्व दिले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेल्या ज्ञान भारतम् मिशनमध्येही सर्वेक्षण व नोंदणी यांचा अंतर्भाव आहे.

शोध व वाचन : २०२३ चा अनुभव

अभिलेखांच्या कार्यक्षमतेची सर्वांत मोठी परीक्षा मराठवाड्यात २०२३ मध्ये झाली. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. महसुली कागद, जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४, शाळांचे प्रवेश निर्गम उतारे अशी दप्तरे तपासली गेली. मिळालेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या. पूर्वी ज्या कागदासाठी तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागत, तो गावातून पाहता येऊ लागला. पोहोचण्याच्या टप्प्यावर तंत्रज्ञानाने केलेले हे काम निर्विवाद आहे.

परंतु या कामाची गती यंत्रांवर अवलंबून नव्हती. स्कॅनर मिनिटाला अनेक पाने टिपतो; मोडीतील एक ओळ निश्चितपणे लावायला मात्र जाणकाराचीच गरज पडते. युनिकोडमध्ये मोडी लिपीचा समावेश २०१४ मध्ये झाला. त्यामुळे मोडी मजकूर संगणकावर लिहिण्याची सोय झाली. हस्तलिखित मोडी आपोआप वाचली जाऊ लागली असे नव्हे. वळण, काळ व लेखक यांनुसार अक्षर बदलते आणि एका अक्षराच्या चुकीने नाव बदलते. अशा नोंदीवर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो, तेव्हा वाचकाचे कौशल्य हाच कार्यक्षमतेचा कणा ठरतो.

ग्रंथालये व सूची

सार्वजनिक ग्रंथालयांपुढील प्रश्न वेगळा आहे. पूर्वी संगणकीकृत झालेल्या अनेक मराठी याद्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित झाल्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. यादी आहे, पण शोध नाही, अशी स्थिती निर्माण होते. या याद्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हे नव्या स्कॅनिंगपेक्षा कमी खर्चाचे व अधिक फलदायी काम आहे. याउलट १९६९ चा बीड जिल्हा गॅझेटिअर शासनाने महाजालावर उपलब्ध केल्यामुळे पाटोदा किंवा आष्टीच्या विद्यार्थ्याला तो घरबसल्या वाचता येतो. मजकूर, सूची व पोहोच एकत्र आली की लाभ तात्काळ दिसतो.

निष्कर्ष

१. डिजिटल तंत्रज्ञान जतन व पोहोच या टप्प्यांवर मोठी बचत करते. शोध व वाचन या टप्प्यांवरील उणीव ते स्वतःहून भरून काढत नाही.

२. स्कॅनिंगपूर्वी संग्रहाची यादी व पृष्ठांकन व्हावे. यादीविना केलेले स्कॅनिंग म्हणजे कपाटातील गठ्ठा संगणकात हलविणे होय.

३. सर्व नोंदी युनिकोडमध्ये असाव्यात, प्रती किमान दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ साधनावरील संस्थेचा हक्क लेखी स्पष्ट असावा.

४. पुराभिलेख संचालनालय मोडी प्रशिक्षण वर्ग घेते. महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी असे वर्ग जिल्ह्यात नियमित चालवावेत.

यांपैकी शेवटची सूचना सर्वांत निकडीची आहे. यंत्रे कोणत्याही वर्षी विकत घेता येतील. मोडी व जुनी उर्दू दप्तरे वाचणारी पिढी मात्र वयोवृद्ध होत आहे, आणि तिच्यानंतर कोणी तयार झाले नाही तर स्वच्छ, सुरक्षित व सर्वांना उपलब्ध असलेली पाने कोणालाच वाचता येणार नाहीत.