वाळूतला बोल्ट

पहाटे ५. घर जागं व्हायच्या आत मी वही उघडते. नऊ दिवस एकाच प्रकरणावर अडकले आहे. माझे आजोबा, म्हणजे आबा, पाटण तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत शिपाई. २० जून १९४२ च्या पहाटे लिबियातल्या तोब्रुकवर जर्मन विमानं तुटून पडली, ती नेमकी याच पलटणीच्या मोर्च्यावर. रणगाडे अडवायला खणलेला खंदक वाळूनं बुजत आलेला, पेरलेले सुरुंग बरेचसे आधीच उकरून दुसरीकडे नेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या सेनापतीनं शरणागती पत्करली. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले. त्यांत आबा.

कादंबरी दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तिच्या ऐन मध्यावर नायक हात वर करून उभा आहे. आबांच्या हाती एखादा खोटा पराक्रम द्यावा असा मोह चार वेळा झाला. चारही मसुदे फाडले. ज्या माणसानं आयुष्यभर बढाई मारली नाही, त्याच्या नावावर मी ती कशी खपवू?

७.३०. नातवाचा डबा, सायकलची किल्ली, पाण्याची बाटली.

१०. आबांची ट्रंक. पदकं मी फारशी काढत नाही. डिस्चार्ज बुक काढते, आणि इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून आलेलं ते एकुलतं एक कार्ड. पेन्सिलीची अक्षरं आता राखाडी झाली आहेत, कोपऱ्यावर तपासनिसाचा शिक्का. मजकूर तीन ओळींचा: सुखरूप आहे, जेवण मिळतं, बैल विकू नका.

हे कार्ड यायच्या आधी तार आली होती: बेपत्ता. तार आली भर पावसात, कार्ड आलं दिवाळी उलटल्यावर. मधल्या महिन्यांत आजीला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर गावातल्या बायका आपसांत कुजबुजत. आजी रोज सकाळी कुंकू लावून पाण्याला जायची. ती मला म्हणाली होती, "कपाळ माजं हाय. तारेनं का पुसावं?" हे वाक्य मी कादंबरीत जसंच्या तसं ठेवलं आहे. युद्ध पाणवठ्यावरही चालू होतं, हे मुलांना कळलं पाहिजे.

१२.३०. भाकरी थापताना पार्सलचं प्रकरण मनात घोळत असतं. हिंदी कैद्यांसाठी लंडनच्या इंडिया हाउसमध्ये वेगळी पार्सलं भरली जात. त्यांत आटा, डाळ, मसाला असे. इटलीच्या थंडीत डब्याचं झाकण उघडल्यावर आलेला हळदीचा वास मला दोन पानं पुरला. मुलांना तारखा आठवत नाहीत, वास आठवतो.

दुपारी २. पुस्तकाचा जीव माझ्या मते इथे आहे. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला आणि छावण्यांवरचे पहारे ढिले पडले. जर्मन येऊन ताबा घेण्याआधी जे निसटले ते डोंगरात शिरले. आबा अवेझ्झानोच्या छावणीतून निसटले. एका मेंढपाळ कुटुंबानं त्यांना गोठ्यात लपवलं. पकडले गेले असते तर त्या घराची धडगत नव्हती. तरी म्हातारी रोज अंधार पडला की पाव आणि उकडलेले बटाटे आणून द्यायची. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती.

अवेझ्झानो १३ जानेवारी १९१५ च्या भूकंपात जमीनदोस्त झालं होतं. त्या भागात सुमारे ३० हजार माणसं गेली. म्हातारीनं हातानं घर कोसळल्याची खूण करून दाखवली होती, एवढं आबा सांगत. ते मला उमगलं ११ डिसेंबर १९६७ ला. कोयनेचा भूकंप पहाटेच झाला, मी नऊ वर्षांची होते. पुढच्या रात्री आम्ही अंगणातच निजायचो. आमच्या घराची एक भिंत खचली होती, तरी आबा चुलीशी बसून, कोण कुठला न विचारता, वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला भाकरी देत होते. इटलीची गोष्ट त्यांनी मला सलग सांगितली ती त्याच चुलीशी. कादंबरी तिथूनच सुरू होते.

५. नातू आणि वाड्यातली तीन मुलं ओट्यावर बसतात, मी वाचून दाखवते. शरणागतीचं पान कच्चंच आहे. "म्हणजे आबा हरले?" नातू विचारतो.

"हो बाळा, त्या दिवशी हरले."

तो गप्प होतो. मग मी आबांनी त्या सकाळबद्दल सांगितलेली एकच गोष्ट सांगते. हुकूम आल्यावर त्यांनी रायफलीचा बोल्ट काढला आणि वाळूत पुरला. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. ती शत्रूच्या हाती पडली तरी चालणार नव्हती.

"किती खोल पुरला?" शेजारची मुलगी विचारते. शाळेत ती कधी बोलत नाही म्हणे.

"कोपरापर्यंत हात गेला, म्हणायचे."

"मग तो अजून तिथंच असणार," ती म्हणते. चौघंही आपापला हात कोपरापर्यंत मोजून बघतात.

रात्री १०. हात वर केलेल्या सैनिकांनी सुरू होणारं पान मी काढून टाकलं. आता प्रकरण गुडघे टेकून बसलेल्या एका माणसापासून सुरू होतं. वरची वाळू तापू लागली आहे, आतली अजून गार आहे, आणि त्याचा हात खाली खाली जातो आहे.