कॅमेरे येतात, निघून जातात. नोंद आपणच ठेवायची



जानेवारी २०२२ मध्ये सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी कोसळली आणि सावंगी (मेघे) येथे शिकणारे सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. तेव्हा आमच्या सावंगीचं नाव देशभरच्या वाहिन्यांवर होतं. मग दुसरी बातमी आली. मोठी घटना घडली की शहरातून पत्रकार पाठवायचा, त्याने काही तासांत बातमी द्यायची आणि पुढे निघायचं, याला 'पॅराशूट पत्रकारिता' म्हणतात.

असा पत्रकार वाईटच असतो असं नाही. पण त्याला गाव माहीत नसतं आणि वेळही नसतो. मग तो आधी भेटतो ठाणेदाराला, सरपंचाला, चौकातल्या बोलक्या लोकांना. आपली वस्ती गावाच्या टोकाला. तिथे पोहोचेपर्यंत त्याची बातमी बहुधा तयार झालेली असते. अपघाताच्या बातमीत हे खपून जातं, जातीय अत्याचाराच्या बातमीत नाही.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, शेजारच्या नागपुरात धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर जमले होते. बहुतेकांना खैरलांजीचा पत्ताही नव्हता. सुरुवातीच्या बातम्या त्रोटक होत्या आणि त्यांत 'अनैतिक संबंधां'ची गोष्ट पुढे केली गेली. जमिनीचा वाद, साक्ष दिल्याचा राग आणि जात मागे पडली. कार्यकर्त्यांनी गावात जाऊन सत्यशोधन केलं, नोव्हेंबरमध्ये नागपूर-अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले, त्यानंतर राष्ट्रीय माध्यमांची रीघ लागली. पुढे २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना हत्येसाठी दोषी धरलं, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. पहिल्या दिवशी जात नोंदवली गेली नाही, तर पुढे ती सिद्ध करणं किती कठीण जातं, हे इथे समजून घेतलं पाहिजे.

म्हणून कॅमेऱ्याची वाट पाहू नका. घटना कळताच दोघा-तिघांनी जाऊन तारीख, वेळ, जागा आणि आधीचा वाद लिहून काढा. एफआयआरची प्रत घ्या. ती फिर्यादीला मोफत मिळते. त्यात अॅट्रॉसिटीची कलमं आहेत का ते पाहा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आहे का, हे विचारा. पत्रकार आला तर त्याला आधी वस्तीत न्या, पीडित कुटुंबाच्या संमतीनेच बोलू द्या. लैंगिक अत्याचार असेल तर पीडितेचं नाव, फोटो, घर कुठेही जाऊ देऊ नका; आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा नाही. पत्रकाराचा नंबर ठेवा आणि प्रत्येक सुनावणीच्या आधी त्याला फोन करा.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केलं, कारण आपलं दुःख दुसऱ्याच्या पत्रात नीट छापलं जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आज आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. त्याचा उपयोग नुसती बातमी पुढे ढकलण्यासाठी करायचा की पुरावा जपण्यासाठी, हे आपण ठरवायचं आहे.